मालेगावला थांबलेली माय

देवपूर, धुळे
११ एप्रिल १९५४

ती. स्व. भाऊस,
प्रमिलेचा शिरसाष्टांग नमस्कार.

काल शाळेत शिकवून घरी आले तर तू नाहीस. माय ओट्यावर बसून तळपायांना एरंडेल चोळत होती. "भाऊ कुठे?" म्हटलं, तर म्हणाली, "त्याले केय दिसली." एवढंच. आभाळ भरलेलं पाहून तुझा जीव केळीच्या बागेत गेला आणि तू दुपारची गाडी धरून चिनावलला परतलास, हे मग मी तिच्याकडून एकेक शब्द ओढून काढलं.

चिनावलपासून धुळ्यापर्यंत तुम्ही दोघं पायी आलात. तुझा वना मुदतीच्या तापातून उठला म्हणून सप्तशृंगीच्या गडावर पायी येईन, असा नवस तिने केला होता. आता अर्ध्या वाटेवरून तिला परत पाठवणं शक्य नव्हतं. मला यायचं होतं, पण वार्षिक परीक्षेचे पेपर गळ्याशी आले आहेत.

तू काळजी करू नकोस. माझ्या घरमालकीण कमलबाई तिच्यासोबत गेल्या. त्या जाणारच होत्या. गल्लीतली आणखी चार माणसं आणि एक बैलगाडी आहे. कमलबाईंच्या सासूबाई झुंबरबाई यांना डोळ्यांनी दिसत नाही, घरात दुसरं कुणी नाही, त्यांचं खाणंपिणं तेवढे दिवस मी पाहीन. मंडळी आज पहाटे निघाली. तू मायला "मालेगावला मोटारीने येऊन गाठतो" असं सांगितलं आहेस ना? ते विसरू नकोस. निघताना तिने मला दोनदा सांगितलं, "मालेगावले जीवराम येनार हाये."

वहिनींना नमस्कार, वनाला आशीर्वाद.

तुझी,
प्रमिला


चिनावल, पूर्व खान्देश
१५ एप्रिल १९५४

चि. प्रमिलेस अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड परवा मिळालं. तुला न भेटता निघून आलो याचा राग धरू नकोस. पारोळ्यापासूनच आभाळ दाटत होतं. धुळ्यात शिरताना पांझरेच्या पुलावर वाऱ्याने माझी टोपी उडवली आणि माझा धीर सुटला. तुला गाव सोडून वर्षं झाली, तरी घडाच्या भाराने झुकलेली केळ म्हणजे काय, हे तू विसरली नसशील. एक झोत आला की वर्षाची मेहनत आडवी.

इथे येऊन पाहतो तो काय, आभाळ स्वच्छ! मी, आपला गडी पुना आणि तुझी वहिनी, तिघांनी मिळून दोन दिवस बांबूचे टेकू लावले. सगळी बाग आवळून बांधली आणि वाऱ्याची वाट पाहत बसलो. वारा आलाच नाही. पुना म्हणतो, ढग पश्चिमेला सरकले. आईभवानीची कृपा, दुसरं काय.

मालेगावचं मात्र जमलं नाही. सावद्याच्या स्टेशनावर अचानक वॅगन मिळाली. वॅगन सोडली तर घड झाडावरच पिकतील. कापणी सुरू आहे. माय समजून घेईल. ती शेतकऱ्याची बायको आहे, आणि सोबत कमलबाईंसारखी बाई आहे म्हटल्यावर मला चिंता नाही. पौर्णिमेला तिचं दर्शन झालं की मला कळव.

तुझा भाऊ,
जीवराम


देवपूर, धुळे
२५ एप्रिल १९५४

ती. स्व. भाऊस सा. न.

माय काल गाडीतून परत आली. पाय सुजलेत, अंगात कणकण आहे. डॉक्टर येऊन गेले. घाबरण्यासारखं नाही म्हणाले. दर्शन झालं नाही. वाटेत वादळ लागलं.

ती सध्या इथेच राहील. तिला न्यायला येण्याची घाई करू नकोस. पेपर तपासून व्हायचे आहेत, म्हणून थोडक्यात लिहिते.

प्रमिला


चिनावल
३० एप्रिल १९५४

चि. प्रमिलेस अनेक आशीर्वाद.

माय सुखरूप पोचली हे वाचून जिवात जीव आला. दर्शन चुकलं याचं वाईट वाटून घेऊ नकोस म्हणावं. गडावर चैत्रात मुंगीला शिरायला जागा नसते. देवी काय पायरीवरून परतलेल्याला ओळखत नाही? पुढच्या वर्षी मी स्वतः नेईन.

आमची केळी वाचली. दोन वॅगन दिल्लीला गेल्या. वादळ तुमच्या बाजूला गेलं म्हणून आमच्या बाजूला आलं नाही, असं पुना म्हणतो. मी त्याला म्हटलं, असं बोलू नये. पण मनात मलाही ते आलं, खोटं कशाला बोलू?

आज रेल्वे पार्सलने बागेतला सगळ्यात मोठा घड पाठवला आहे. तो तुझ्यासाठी नाही, कमलबाईंसाठी आहे. माझ्या जागी त्या चालल्या. त्यांना म्हणावं, जीवरामने पाया पडून सांगितलंय की असं माणूस सोबत मिळायला पुण्य लागतं. घड पोत्यात गुंडाळून चार दिवस ठेवा, म्हणजे सारखा पिकेल. म्हाताऱ्या झुंबरबाईंना पहिलं केळं द्या.

माय बोलते ना नीट? तिने मला काही निरोप दिला नाही, म्हणून विचारतो.

जीवराम


देवपूर, धुळे
६ मे १९५४

ती. स्व. भाऊस,

घड आला. स्टेशनवरून हमालाने आणून ओट्यावर ठेवला. झुंबरबाईंनी चाचपडत त्यावर हात फिरवला आणि विचारलं, "कोना करता शे हाई?" मी म्हटलं, भावाने पाठवला. कोणासाठी, ते माझ्या तोंडून निघालं नाही.

भाऊ, कमलबाई गेल्या.

मागच्या पत्रात लिहिलं नाही. लिहायला बसले की माय समोर दिसायची. भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिचं दुखणं पायांचं नाही. ती आल्यापासून माझ्याशीसुद्धा चार शब्दांपलीकडे बोललेली नाही. काय झालं ते गाडीसोबतच्या माणसांनी सांगितलं तेवढंच मला ठाऊक आहे. कळवण सोडल्यावर डोंगराच्या पायथ्याशी एक पाडा लागतो. तिथे पोचले तेव्हा दुपारीच अंधारून आलं होतं. बाकीची मंडळी पाड्यावर थांबली. माय आणि कमलबाई पुढे गेल्या. मग गारा, आणि गारांपाठोपाठ असा पाऊस की बैल खाली बसले. वाटेत एक नाला आडवा येतो. एरवी त्यात घोटा बुडत नाही म्हणे. त्याला वरून लोंढा आला. माय अलीकडच्या काठावर सापडली. कमलबाई खाली, बांबूच्या बेटात अडकलेल्या सापडल्या. पाड्यातल्या सिंगा नावाच्या माणसाने त्यांना बाहेर काढलं. अग्नीही तिथेच दिला. गाडीवाला अस्थी घेऊन आला तेव्हा झुंबरबाई दारात बसून चालणाऱ्यांचे आवाज ऐकत होत्या. "मनी कमळनं पाऊल नाही वाजनं," म्हणाल्या. माझी कमळ आली नाही, हे त्यांना आम्ही सांगण्याआधीच कळलं.

आणखी एक सांगायचं आहे. मी तुला लिहिलं होतं की कमलबाई जाणारच होत्या. ते खरं नव्हतं. त्यांच्या मनातही नव्हतं. "सासूले सोडीसन कशी जाऊ, बाई?" असं त्या म्हणत होत्या. मीच गळ घातली. माझे पेपर, तुझी केळी, आणि मध्ये ही बाई, जिचा आपल्या नवसाशी काही संबंध नव्हता. "मी आहे ना सासूबाईंना," असं मी म्हटलं. त्या हसल्या आणि दुसऱ्या लुगड्याची घडी गाठोड्यात ठेवली.

आता त्या सासूबाईंना खरोखरच मीच आहे. आणि माय.

घडाला अजून कुणी हात लावलेला नाही.

प्रमिला


चिनावल
१३ मे १९५४

चि. प्रमिला,

तुझं पत्र वाचलं. तुझ्या वहिनीलाही वाचून दाखवलं. दोन दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही.

झालं ते फार वाईट झालं. पण तू ज्या रीतीने लिहिलंस त्याचा मला रागही आला. "तुझी केळी" असं तू लिहितेस. याच केळीवर तू शिकलीस, प्रमिला. नवरा गेला तेव्हा तू सोळा वर्षांची होतीस. भाऊबंद म्हणत होते पोरीला कोपऱ्यात बसवा. तेव्हा तुला पुण्याला कुणी पाठवलं? वादळ मी आणलं नाही. नाल्याला पूर मी सोडला नाही. माझ्यासारखा संसारी माणूस काम पडलं म्हणून घरी आला, यात पाप काय?

आता मायला घरी पाठव. तिला तिथे ठेवून काय करणार आहेस? गावात लोक विचारतात, "माय लेकीकडे का राह्यली?" मी काय सांगू? मला तर असं वाटायला लागलंय की शाळा सांभाळून ती आंधळी म्हातारी तुला झेपत नाही, म्हणून तुला घरात एक बाई हवी आहे. माय साठीला आली. तिच्याकडून परक्या घरची सेवा करून घेऊ नकोस. झुंबरबाईंसाठी एखादी बाई लाव. पगार मी पाठवतो.

मी आलो असतो, पण नवीन लावणीचे कंद काढणं चालू आहे.

जीवराम


देवपूर, धुळे
१९ मे १९५४

भाऊ, हे पत्र मायचं आहे. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं, सगळं, एक ओळ न गाळता. ती उठून बसली आणि म्हणाली, "कागद घे. मी सांगते तसं लिव. मधात बोलू नको." तिच्या शब्दांना मी हात लावलेला नाही.

जीवराम,

पमीले बोलू नको. तिनं मले ठेवलं न्हाई, मी राह्यली. कोनी कोनाकून सेवा करून घेत न्हाई.

तू मालेगावले येतो म्हनला व्हता. आम्ही तेरा तारखेले मालेगावले पोचलो. धरमशाळेत उतरलो. बाकीचे म्हने, चाला, पुनव गाठाची हाये. मी म्हनलं, माह्या लेक येनार हाये. मंग ते सगळे माह्यासाठी थांबले. मी मोटारीच्या अड्ड्यावर जाऊन बसली. दिवसभर एकेक मोटार पाह्यली. कमळ मले तठीच भाकर आनून देये. म्हने, "येतीन वं माय, काम निंघालं आसीन." दुसऱ्या दिवशी बी अर्धा दिवस बसली. मंग निंघालो. तो जो येळ गेला, तो जर गेला नसता, तं आम्ही वादळाच्या आदी गडावर असतो. हे मी तुले दोस द्यासाठी सांगत न्हाई. जे झालं ते सांगते.

पाड्यावर बिजलीबाई म्हनून सिंगाची बायको हाये. तिनं आडवं व्हऊन सांगितलं, आज पुढं जाऊ नका, वर डोंगरात पानी सुरू झालं, नाला येईन. समदे थांबले. कमळ बी बसली. मी न्हाई थांबली. मले राग व्हता, जीवराम. तुह्यावरचा राग. मले वाटे, कोनी आलं न्हाई तं न्हाई, मी एकली जाईन, पुनवेले देवीसमोर हुभी राहीन, अन् मंग घरी येऊन तुले सांगीन का पाह्य, मी तुह्याबिगर गेली. देवीसाठी न्हाई चालली मी. तुले दाखव्यासाठी चालली.

कमळ म्हने, "माय, थांब ना." मी तिले काय म्हनली माहीत हाये? म्हनली, "माह्या पोटच्या पोरानं सोडलं, तू तं परकी. तू बी सोड." हे आयकल्यावर कोनती बाई बसून राहीन? ती उठली. आंगावरची घोंगडी माह्या डोक्यावर टाकली अन् मांगं चालू लागली.

गारा सुरू झाल्या तवा आम्ही नाल्याच्या पार व्हतो. मंग मीच घाबरली. म्हनली, मांगं फिर. आदी मी आली अलीकडं. मंग तिच्यासाठी काठी पुढं केली. तिनं काठी धरली. अन् पानी आलं. आवाज आदी आला, पानी मंग. तिनं धरली व्हती, अन् मी बी धरली व्हती. मंग माह्या हातात काठी न्हाई. निसटली का सोडली, मले समजत न्हाई. मी रोज इचार करते. माह्या हाताले इचारते. हात सांगत न्हाई.

झुंबरबाईले हे माहीत न्हाई. ती मले बयीन म्हनते. म्हने, तू तं माह्या कमळचं शेवटचं तोंड पाह्यलं. मी तिचं डोकं इंचरते, तिले न्हाऊ घालते, अन् ती मले आसीस देते. ते आसीस मले खाते.

मंग मले घरी बोलावू नको. पगारी बाई बी पाठवू नको.

धुरपदा

भाऊ, लिहून झाल्यावर तिने अंगठा उठवायला मागितला. म्हटलं, पत्राला अंगठा लागत नाही. तरी तिने उठवला. शाई पसरली आहे, वाचून घे.


कळवण
८ जून १९५४

चि. प्रमिलेस आशीर्वाद.

मायचं पत्र आलं त्यानंतर मी तुला उत्तर लिहायला तीनदा बसलो. जमलं नाही. मग तुझ्या वहिनीला सांगून घराबाहेर पडलो आणि चालत सुटलो.

धुळ्यात आलो तेव्हा देवपुरातून गेलो, पण तुझ्या गल्लीत वळलो नाही. झुंबरबाई पावलं ओळखतात असं तू लिहिलं होतंस. माझी पावलं त्यांनी ओळखली नसती, तरी थांबून "कोन शे?" असं नक्की विचारलं असतं.

मालेगावच्या अड्ड्यावर जाऊन बसलो. मोटारी येत होत्या, जात होत्या. उकाडा असा की पत्रा हाताला चटका देत होता. माय कुठल्या बाकावर बसली असेल ते शोधत होतो. तिथे बाक नाहीच. म्हणजे ती खाली मातीतच बसली असणार. मी किती वेळ बसलो कोण जाणे. एका कंडक्टरने विचारलं, "कोणाची वाट पाहता?" मी उठलो.

देवळा गावाच्या पुढे वादळाने मला गाठलं. आधी धुळीचा लोट, समोरचा माणूस दिसेना. मग विजा, मग आडवा पाऊस. मी एका आंब्याखाली उभा राहिलो. फांदी मोडली तसा तिथूनही पळालो. धोतर पायात अडकून दोनदा पडलो. केळीचं वादळ मी जन्मभर पाहिलं, पण ते नेहमी बांधावर उभं राहून. पाठीवर मारा बसतो तेव्हा काय वाटतं हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं. वाटेत एका चिखलाच्या चढावर रडायला आलं. पावसात कुणाला दिसणार होतं? मोठ्याने रडलो.

पाड्यावर पोचलो तेव्हा बिजलीबाईने दारातूनच ओळखलं. म्हणाली, "तू त्या म्हातारीना पोऱ्या ना?" नाक मायसारखं आहे म्हणे. चुलीजवळ बसवलं, नागलीची भाकर दिली. मी सिंगाला म्हटलं, मला तो नाला दाखव. पाऊस ओसरल्यावर त्याने नेला. किती लहान आहे गं तो! आपल्या बागेतल्या पाटापेक्षा थोडा रुंद. मी काठावर उभा राहून सिंगाला विचारलं. तेच विचारायला मी इतका चाललो होतो. "तू लांबून काही पाहिलंस का? माझ्या मायने काठी सोडली, की निसटली?" तो सांगेल 'निसटली', आणि ते मी मायला लिहून पाठवीन, असं मनात धरून आलो होतो.

सिंगाने पाण्याकडे बोट दाखवलं. म्हणाला, "पाणी शे, भाऊ. पाणीमा कोन कोनले सोडस, ते पाणीलेच ठाऊक." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू उनास ना? बस."

तू आलास ना, पुरे, असं तो म्हणाला. पण पुरे कसं, प्रमिला? मी दोन महिने उशिरा आलो.

दुसऱ्या दिवशी गड चढलो. वर कोणी नव्हतं, धुकं होतं. मायचा नवस मी फेडला असं मी म्हणणार नाही. तो तिचा होता. देवीसमोर हात जोडले. कमलबाईंचं नाव घेतलं आणि उतरलो.

तुला मी जे लिहिलं, घरात बाई हवी म्हणून मायला ठेवलंस वगैरे, ते मनातून काढून टाक. काढता येत नसेल तर राहू दे, मला तेवढं मिळायला हवं.

आता मायला घरी येऊ दे. इथून मी नांदगावला जाऊन गाडीने परस्पर चिनावलला जातो. मृगाची लावणी आटोपली की पुनाला पाठवतो. त्याच्यासोबत तिला पाठव. तिने पुष्कळ केलं. उरलेलं आपण दोघं करू.

जीवराम


देवपूर, धुळे
२७ जून १९५४

ती. स्व. भाऊस सा. न.

हे पत्र पुनाच्या हाती देते. तो एकटाच परत येतोय, हे पाहून तू त्याला रागावू नकोस. त्याचा दोष नाही.

तू पाड्यावर गेलास ते मी मायला वाचून दाखवलं. सिंगाचं वाक्य आलं तेव्हा तिने पुन्हा वाचायला लावलं. संध्याकाळी झुंबरबाईंच्या बाजेजवळ जाऊन खाली बसली आणि सगळं सांगितलं. मालेगाव, पाडा, "तू तं परकी" म्हणाली ते, काठी. मी दारात उभी होते. मध्ये जावंसं वाटलं, गेले नाही. माझं जे होतं, मी गळ घातली ते, मीही तेव्हाच सांगून टाकलं. झुंबरबाई माझ्याकडे वळल्याच नाहीत. मायकडे तोंड करून, न दिसणाऱ्या डोळ्यांनी पाहत राहिल्या. मग कूस बदलून भिंतीकडे झाल्या.

त्या दिवसापासून त्यांनी मायशी बोलणं टाकलं. मायने ताट वाढलं तर ते बाजूला सारायचं. मी वाढलं तर दोन घास. डोक्याला तिचा हात लागला की मान काढून घ्यायची. तरी माय रोज ताट वाढत होती. रोज पाणी तापवत होती. मला वाटायचं, ती मोडून पडेल. पण तुला खरं सांगते, उलट झालं. तिला झोप लागायला लागली.

काल पुना आला. मी मायला म्हटलं, "आता जा. इथे तुझ्या हातचं त्या घेत नाहीत, कशाला राहतेस? मी आहे, एखादी बाई बघीन." तिलाही पटलं असावं. सकाळी तिने लुगडी गाठोड्यात बांधली. पुनाने ते डोक्यावर घेतलं. जाण्याआधी माय झुंबरबाईंच्या पायांशी वाकली. पाय धरूनच म्हणाली, "बयीन, मी चालली. माह्या हातून जे झालं त्याची माफी दे. न्हाई देशीन तरी चालीन. पन मांगितल्याबिगर मले जाता येत न्हाई."

झुंबरबाई उठून बसल्या. इतक्या दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला. म्हणाल्या,

"माफी मांगू नको. मी माफी दिधी म्हंजे तू तुना गावले निंघी जाशी. मंग मना कोन शे?"

पुना गाठोडं डोक्यावर घेऊन तसाच उभा. मायने त्याच्या डोक्यावरून ते उतरवलं, आत नेऊन ठेवलं, आणि चूल पेटवायला बसली. भाकरी झाल्यावर ताट वाढून तिने बाजेजवळ ठेवलं. झुंबरबाईंनी हाताने चाचपून ताटाची कड शोधली आणि ते आपल्याकडे ओढून घेतलं.

तू स्वतः ये, भाऊ. न्यायला नको, नुसता ये.

तुझी,
प्रमिला